जैवपटल टाकीतून कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करणे : बेळगाव सीमाभागातील लहान-मध्यम उद्योगांसाठी

एमबीबीआर (प्लास्टिकच्या फिरत्या चकत्यांवर, म्हणजे मीडियावर, जिवाणू वाढवून सांडपाणी शुद्ध करणारी जैवपटल टाकी) बसवायचा म्हटले की बहुतेक कारखानदारांचा पहिला प्रश्न 'मीडिया किती घनमीटर लागेल आणि काय भावाने मिळेल' हा असतो. निपाणी-चिकोडीकडील दूध प्रकल्पांपासून बेळगाव शहरातील खाद्यपदार्थ उद्योगांपर्यंत मला हा अनुभव सातत्याने आला आहे. माझ्या मते हा प्रश्न पाचवा किंवा सहावा असायला हवा. प्लास्टिकच्या चकत्यांवर वाढणारा सूक्ष्मजीवांचा थर गोठ्यातल्या जित्राबासारखा आहे. त्याला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापाने आणि पचेल असेच खाद्य मिळाले तर तो वर्षानुवर्षे काम देतो. एक दिवस उपास आणि दुसऱ्या दिवशी चौपट वैरण असा प्रकार झाला, तर टाकी कितीही महाग असली तरी तो टिकत नाही. म्हणून या लेखात टाकीच्या आधीच्या कामांना टाकीपेक्षा अधिक जागा दिली आहे.

हा थर काय करतो

मार्कंडेय किंवा हिरण्यकेशीच्या पात्रात उन्हाळ्यात एखादा दगड उचलला तर हाताला बुळबुळीत थर लागतो. जिवाणू स्वतःभोवती चिकट द्रव्य सोडून पृष्ठभागाला धरून राहतात आणि वरून वाहणाऱ्या पाण्यातील सेंद्रिय पदार्थ खातात. यालाच जैवपटल म्हणतात. हे तत्त्व सांडपाण्यासाठी वापरणारे ठिबक गाळणे, म्हणजे दगडांच्या ढिगावर पाणी शिंपडण्याची पद्धत, इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. १९१४ साली मँचेस्टरमध्ये सक्रिय गाळ पद्धत पुढे आली आणि तिने बरीच वर्षे बाजी मारली. त्या पद्धतीत जिवाणू पाण्यात मोकळे तरंगतात. ते निवळण टाकीत खाली बसवून पुन्हा हवेच्या टाकीत परत आणावे लागतात, आणि गाळ नीट बसला नाही की सगळी वसाहत वाहून जाते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेमध्ये विकसित झालेल्या फिरत्या मीडियाच्या पद्धतीने ही अडचण दूर केली. पाण्यापेक्षा किंचित हलक्या प्लास्टिकच्या छोट्या चकत्या टाकीत हवेच्या जोरावर फिरत राहतात, जिवाणू त्यांच्या आतील कप्प्यांत घर करतात आणि बाहेर पडण्याच्या तोंडाशी लावलेली जाळी चकत्यांना टाकीतच अडवते. गाळ परत आणण्याची गरज उरत नाही, जागा कमी लागते आणि थोड्याफार धक्क्यानंतर थर स्वतःच सावरतो. जिथे प्रशिक्षित माणूस प्रत्येक पाळीला मिळत नाही, अशा आपल्या भागातील उद्योगांसाठी हा शेवटचा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

कोणते पाणी येथे आणावे, कोणते आणू नये

दूध, साखर, बेकरी, फळप्रक्रिया आणि पिष्टमय पदार्थांचे सांडपाणी या पद्धतीला अनुकूल आहे, कारण त्यातील घाण जिवाणूंना खाता येते. याची ढोबळ खूण म्हणजे बीओडी (घाण पचवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) आणि सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू) यांचे गुणोत्तर. ते ०.४ च्या वर असेल तर जैविक प्रक्रिया सहज चालते, ०.२ च्या खाली असेल तर आधी दुसरा उपाय शोधावा लागतो. शहापूर-वडगाव-खासबाग भागातील साड्यांच्या रंगाईचे पाणी या दोहोंच्या मध्ये येते. त्यातील कांजी पचते, पण रंग बहुतांशी तसाच राहतो.

उद्यमबाग आणि मच्छे येथील कारखान्यांना मात्र स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. प्लेटिंगचे, म्हणजे धातूवर मुलामा देण्याच्या कामातील, क्रोमियम, निकेल, सायनाइड असलेले पाणी जैवपटल टाकीत कधीही सोडू नये. त्यासाठी रासायनिक प्रक्रियेची वेगळी ओळ हवी. मशीन शॉपमधील कूलंटचेही (यंत्रकामात थंडाव्यासाठी वापरलेल्या तेलकट पाण्याचेही) तसेच आहे. तेल-पाण्याचे दुधाळ मिश्रण (पायस) फोडून तेल वेगळे केल्याशिवाय ते आत आले तर चकत्यांवर तेलाची साय चढते आणि थराला प्राणवायू पोचत नाही. डिस्टिलरीचे स्पेंट वॉश (मद्यार्क काढल्यावर उरणारे पाणी) इतके तीव्र असते की हवेच्या टाकीने त्याला हात लावणे हा विजेचा अपव्यय आहे. साधारणपणे सीओडी २,००० मि.ग्रॅ. प्रतिलिटरच्या वर आणि पाणी कोमट असेल, तर आधी हवेविना चालणारी टाकी घ्यावी आणि तिच्या मागे जैवपटल टाकी ठेवावी. हवाविरहित टाकीत काढलेल्या प्रत्येक किलो सीओडीमागे सुमारे ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो आणि हवा देणाऱ्या ब्लोअरची वीज वाचते.

आधी आठवडाभर मोजमाप

आराखडा काढण्याआधी सलग सात दिवस पाणी मोजावे. गटाराच्या मुखाशी इंग्रजी V आकाराची ९० अंशांची खाच असलेली पट्टी (व्ही-नॉच) बसवली की काम भागते. पट्टीमागे, खाचेपासून थोडे दूर, खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मीटरमध्ये मोजून तिचा २.५ वा घात घ्यावा आणि १.३८ ने गुणावे. उत्तर घनमीटर प्रतिसेकंद येते. उंची ६ सेंटिमीटर असेल तर प्रवाह तासाला साधारण ४.४ घनमीटर असतो. उंची दर तासाला नोंदवावी, रात्रीसुद्धा. दूध प्रकल्पात पाइपलाइन धुण्याचे काम बहुधा रात्री होते आणि दिवसा घेतलेला एकच नमुना पूर्णपणे फसवा ठरतो.

नमुना दर तासाला प्रवाहाच्या प्रमाणात घेऊन बर्फात ठेवावा आणि चोवीस तासांचे मिश्रण प्रयोगशाळेत द्यावे. बीओडी, सीओडी, तरंगते घन पदार्थ, तेल-ग्रीस, पीएच, अमोनिया, एकूण नायट्रोजन, फॉस्फरस, विद्युतवाहकता आणि सोडियम एवढे तपासून घ्यावे. आपल्याकडे बीओडी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवसांचा मोजतात, ही गोष्ट परदेशी पुस्तकातील पाच दिवसांच्या आकड्यांशी तुलना करताना ध्यानात ठेवावी. मिश्रणाबरोबर सर्वांत वाईट तासाचा एक स्वतंत्र नमुनाही द्यावा. टाकी सरासरीवर आखली जाते, पण ती मरते ती वाईट तासाला.

याच आठवड्यात कारखान्यात फिरून वाया जाणारा माल शोधावा. एक लिटर दूध नाल्यात गेले की जवळपास १०० ग्रॅम बीओडी जातो. पनीरच्या निवळीचा बीओडी ३०,००० मि.ग्रॅ. प्रतिलिटरच्याही वर असतो. म्हणजे हजार लिटर निवळी सोडणे हे पुढे उदाहरणात घेतलेल्या प्रकल्पाच्या संपूर्ण दिवसाच्या भाराच्या चौथाईएवढे आहे. ती वेगळ्या टाकीत धरून जनावरांच्या खाद्यासाठी दिली, तर प्रक्रिया केंद्र लहान होते आणि त्यावरचा खर्च कायमचा कमी होतो. साखर कारखान्यांसाठी २०१६ च्या अधिसूचनेने गाळप झालेल्या प्रतिटन उसामागे २०० लिटर सांडपाण्याची मर्यादा घातली आहे. उसात स्वतःचेच सुमारे ७० टक्के पाणी असते, त्यामुळे पंपांच्या गळत्या आणि फरशी धुण्याचे पाणी आवरले तर ही मर्यादा गाठता येते.

परवानगीचा विषय थोडक्यात. १९७४ च्या जल कायद्यानुसार कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीपूर्वी एक आणि चालवण्यापूर्वी दुसरी संमती लागते. नदी-नाल्यात सोडण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा बीओडी ३०, सीओडी २५०, तरंगते घन पदार्थ १००, तेल-ग्रीस १० मि.ग्रॅ. प्रतिलिटर आणि पीएच ५.५ ते ९ अशी आहे. शेतीसाठी जमिनीवर सोडताना बीओडी १०० चालतो. तथापि आपल्या संमतिपत्रातील आकडा याहून कडक असू शकतो आणि बंधनकारक तोच असतो.

जाळी, चरबीचा सापळा आणि समतोल टाकी

बंद पडलेली जी केंद्रे मी पाहिली, त्यांपैकी बहुतेकांचा दोष येथे होता. पहिली जाळी १० मिलिमीटरची आणि दुसरी २ ते ३ मिलिमीटरची हवी. उसाचे चिपाड, पिशव्यांचे तुकडे, लेबले, स्ट्रॉ यांतले काहीही पुढे गेले तर ते चकत्यांच्या कप्प्यांत अडकते आणि नंतर निघत नाही. त्यानंतर चरबीचा सापळा, ज्यात पाणी किमान अर्धा तास शांत राहील. लोणी-तुपाचे काम असेल तर हवेच्या बारीक बुडबुड्यांनी चरबी वर आणणारी तरंगण टाकी घ्यावी आणि जैवपटल टाकीत जाणारे तेल-ग्रीस ५० मि.ग्रॅ. प्रतिलिटरच्या खाली ठेवावे.

समतोल टाकी, म्हणजे कमी-जास्त येणारे पाणी साठवून एकसारखे करणारी टाकी, दिवसाच्या पाण्याच्या निम्म्या घनफळाची असावी. आकडे जुळवताना जागा वाचवायची म्हणून हीच टाकी सर्वांत आधी लहान केली जाते, आणि मी त्याला नेहमी विरोध करतो. चिकोडी तालुक्यातील एका दूध प्रकल्पात ही टाकी अवघ्या तीन तासांची होती. एका रविवारी रात्री धुण्याचा कॉस्टिक सोडा सरळ आत गेला, पीएच ११ च्या वर पोचला आणि सकाळपर्यंत चकत्या नव्या असाव्यात तशा पांढऱ्या दिसू लागल्या. थर पुन्हा धरायला तीन आठवडे गेले आणि त्या काळातील सगळे पाणी टँकरने हलवावे लागले. त्यानंतर आम्ही धुण्याचे आम्ल आणि कॉस्टिक यांसाठी वेगळी छोटी टाकी बांधली, दोन्ही एकमेकांत मुरवली आणि ते मिश्रण थोडे थोडे सोडू लागलो. तसा प्रसंग तेथे पुन्हा आला नाही.

समतोल टाकीत जाड बुडबुड्यांची हवा सतत द्यावी, नाहीतर पाणी आंबते आणि पीएच घसरतो. पुढे जाणारा पंप चोवीस तास एकाच वेगाने चालावा. पीएच ६.५ ते ८.५ मध्ये आणण्याचे डोसिंग येथेच करावे.

टाकीचे गणित

उदाहरणासाठी दिवसाला १०० घनमीटर पाणी आणि चरबी काढल्यानंतरचा बीओडी १,२०० मि.ग्रॅ. प्रतिलिटर धरू. दिवसाचा भार १२० किलो होतो. जैवपटल टाकीत घनफळापेक्षा चकत्यांचे संरक्षित क्षेत्रफळ (कप्प्यांच्या आतले, घासले न जाणारे) महत्त्वाचे, कारण जिवाणू त्याच क्षेत्रावर बसतात. सर्वसाधारण नळीसारख्या मीडियाच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ५०० चौरस मीटर क्षेत्र असते. याहून मोठे आकडे सांगणारे मीडिया बाजारात आहेत, पण चरबी असलेल्या पाण्यात त्यांचे बारीक कप्पे भरून बसतात, म्हणून दूध उद्योगासाठी मी मोकळ्या कप्प्यांचाच मीडिया सुचवतो.

एकच मोठी टाकी बांधण्याऐवजी सलग दोन बांधाव्यात. पहिलीत भुकेले, भरभर वाढणारे जिवाणू राहतात आणि दुसरीत उरलेले बारकाईने टिपणारे. पहिल्या टाकीवर प्रति चौरस मीटर दिवसाला १२ ग्रॅम बीओडीचा भार धरला तर १०,००० चौरस मीटर, म्हणजे २० घनमीटर मीडिया लागतो. तो टाकीच्या निम्म्या घनफळाइतका भरायचा असल्याने टाकी ४० घनमीटरची होते. येथे सुमारे ७५ टक्के बीओडी निघून दिवसाला ३० किलो उरतो. दुसऱ्या टाकीवर ४ ग्रॅमचा भार धरल्यास ७,५०० चौरस मीटर, म्हणजे १५ घनमीटर मीडिया आणि ४० टक्के भरणीने साधारण ३८ घनमीटरची टाकी लागते. यातून ९० टक्के निघाले तर बाहेरचा बीओडी ३० वर येतो, म्हणजे बरोबर कड्यावर. त्यामुळे नाल्यात सोडायचे असेल तर निवळण टाकीमागे वाळूचे गाळणे घ्यावेच. मीडिया ६७ टक्क्यांच्या वर कधी भरू नये. त्यापुढे चकत्या फिरत नाहीत. सुरुवातीला ४०-५० टक्केच भरले तर पुढे उत्पादन वाढल्यावर टाकी न फोडता क्षमता वाढवता येते, आणि ही सोय या पद्धतीतील मोठी गोष्ट आहे.

अमोनिया काढायचा असेल तर तिसरी टाकी लागते. अमोनिया खाणारे जिवाणू संथ असतात आणि बीओडीचा भार ४-५ ग्रॅमच्या खाली आल्याशिवाय त्यांना चकत्यांवर जागाच मिळत नाही. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ४.५७ ग्रॅम प्राणवायू आणि ७.१४ ग्रॅम क्षारता (पीएच घसरू न देणारी पाण्याची ताकद) खर्ची पडते, म्हणून तेथे चुन्याची किंवा सोड्याची तजवीज ठेवावी. डिसेंबर-जानेवारीत बेळगाव-खानापूरकडे रात्रीचा पारा १२-१४ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा हेच जिवाणू सर्वांत आधी मंदावतात.

हवेचा हिशेब असा. एक किलो बीओडीला १.२ किलो प्राणवायू धरला तर दिवसाला १४४ किलो, तासाला ६ किलो लागतो. चार मीटर खोल टाकीत जाड बुडबुड्यांतील प्राणवायूपैकी प्रत्यक्षात जेमतेम ५ टक्के पाण्यात विरघळतो असे धरावे, आणि एक घनमीटर हवेत सुमारे ०.२८ किलो प्राणवायू असतो. म्हणजे तासाला ४३० घनमीटर हवा लागेल. ४५० चा एक ब्लोअर चालता आणि तेवढाच दुसरा राखीव असावा. हवेची वाटणी पहिल्या टाकीला तीन भाग आणि दुसरीला एक भाग अशी झडपांनी करावी. रबरी पडद्याचे, बारीक बुडबुडे सोडणारे डिफ्यूझर येथे टाळावेत, कारण ते बदलण्यासाठी सगळा मीडिया उपसावा लागतो. ४ मिलिमीटर छिद्रांचे स्टेनलेस स्टीलचे नळ तळाशी बसवले की त्यांना वर्षानुवर्षे हात लावावा लागत नाही. बाहेर पडणाऱ्या तोंडाची जाळी ५ मिलिमीटरची असावी आणि तिच्या थेट खालून एक हवेचा नळ जावा, म्हणजे चकत्या जाळीला चिकटून पाणी तुंबणार नाही. टाकी रिकामी करण्याच्या तळातील नळालाही जाळी हवी. ती विसरली गेली आणि लाखाचा मीडिया गटारात गेला, असे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

हेस्कॉमचा वीजपुरवठा खंडित होतो हे गृहीत धरूनच विद्युत जोडणी करावी. ब्लोअर बंद असेल तर पाणी देणारा पंप चालूच होऊ नये, अशी पॅनलमध्येच जोड ठेवावी. हवेविना दोन-तीन तास थर तग धरतो. त्यापुढे वास सुरू होतो, म्हणून एक ब्लोअर जनरेटरवर चालेल एवढी व्यवस्था असावी.

थर धरवणे

नव्या चकत्या पहिले काही दिवस पाण्याला धरत नाहीत. त्या वर तरंगून एकाच कोपऱ्यात गोळा होतात आणि जोराची हवा दिली तर टाकीबाहेरही उडतात. त्यामुळे मीडिया तीन-चार हप्त्यांत टाकावा आणि पाण्याची पातळी काठापासून अर्धा मीटर खाली ठेवावी. टाकी स्वच्छ पाण्याने भरून त्यात चौथा हिस्सा सांडपाणी मिसळावे. बियाणे म्हणून तशाच प्रकारच्या चालू केंद्रातील ताजा गाळ सर्वोत्तम, तो न मिळाल्यास नगरपालिकेच्या मैलापाणी केंद्रातील. कापडातून गाळलेला शेणकालाही चालतो, पण त्याला वेळ अधिक लागतो आणि तंतू आत गेले तर जाळ्या तुंबतात. पाकिटात मिळणाऱ्या जिवाणूंच्या पुडीवर मोठा खर्च करण्याची गरज मला क्वचितच भासली.

पहिले दोन-तीन दिवस केवळ हवा द्यावी. मग ठरलेल्या प्रवाहाच्या २० टक्के पाणी सुरू करावे आणि सीओडीतील घट सलग तीन दिवस ६०-७० टक्क्यांवर स्थिर राहिली की पुढचे २० टक्के वाढवावेत. दहा-पंधरा दिवसांत चकतीच्या आत फिकट तपकिरी, बोटाला जाणवेल न जाणवेल असा थर दिसू लागतो. पूर्ण भार घ्यायला साधारण महिना लागतो, अमोनियाच्या टाकीला सहा ते आठ आठवडे. सुरुवातीला पांढरा फेस भरपूर येतो. त्यावर पाण्याचे फवारे मारावेत. सिलिकॉनचे फेसनाशक चकत्यांवर बसते, म्हणून ते वापरू नये.

जिवाणूंना नायट्रोजन आणि फॉस्फरसही लागतात. प्रमाण बीओडी १००, नायट्रोजन ५, फॉस्फरस १. दूधाच्या पाण्यात दोन्ही बहुधा पुरेसे असतात. साखर आणि गुळाच्या पाण्यात नसतात. १२० किलो बीओडीला ६ किलो नायट्रोजन आणि १.२ किलो फॉस्फरस हवा. दिवसाला ६ किलो डीएपी टाकल्यास फॉस्फरसची गरज भागते आणि सुमारे १ किलो नायट्रोजन मिळतो. उरलेल्यासाठी साधारण ११ किलो युरिया लागेल. हे महिनाभर पोत्याने एकदम न टाकता रोज विरघळवून थेंबथेंब द्यावे. खत कमी पडले तर थर जाड, लिबलिबीत होतो आणि पाण्यात फेस राहतो.

रोजची पाहणी

ऑपरेटरने रोज सकाळी दोन्ही टाक्यांतून दहा-दहा चकत्या हाताने काढून पाहाव्यात. मीटर बिघडतात, चकत्या खोटे बोलत नाहीत. तपकिरी, पातळ, मातीसारखा वास येणारा थर म्हणजे प्रकृती उत्तम. करडा-काळा, जाड आणि सडक्या अंड्याच्या वासाचा थर म्हणजे भार अधिक किंवा हवा कमी. पांढरे तंतू दिसले तर पाण्यात सल्फाइड आहे आणि समतोल टाकीत पाणी आंबते आहे असे समजावे. चकत्या एकाएकी स्वच्छ झाल्या तर विष किंवा पीएचचा धक्का बसला आहे. अशा वेळी आवक तत्काळ थांबवून कारण शोधावे. साधा सूक्ष्मदर्शक असेल तर देठावर डोलणारे घंटेसारखे व्हर्टिसेला नावाचे सूक्ष्मजीव दिसणे हे चांगल्या पाण्याचे लक्षण आहे.

विरघळलेला प्राणवायू पहिल्या टाकीत २ ते ३ आणि अमोनियाच्या टाकीत ४ ते ६ मि.ग्रॅ. प्रतिलिटर हवा. साध्या सक्रिय गाळापेक्षा हा आकडा जास्त का, असे विचारले जाते. प्राणवायूला थराच्या आत झिरपायचे असते, आणि तो मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा खोल जातो. बाहेर तो भरपूर असल्याशिवाय आतील जिवाणूंना पोचत नाही. पीएच, तापमान, प्राणवायू प्रत्येक पाळीत, सीओडी रोज आणि बीओडी आठवड्यातून एकदा नोंदवावा. नोंदवही आणि भिंतीवरचा सूचनाफलक मराठी व कन्नड दोन्ही भाषांत ठेवावा, कारण एका पाळीला मराठी आणि दुसऱ्या पाळीला कन्नड वाचणारा माणूस असणे ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे, आणि रात्रपाळीत नीट न वाचलेली एक सूचना महिन्याची मेहनत घालवू शकते.

महिन्यातून एकदा वीस चकत्या १०५ अंशांना वाळवून वजन करावे, थर धुऊन काढून पुन्हा वाळवून वजन करावे आणि फरक लिहून ठेवावा. हा फरक तीन-चार महिने सतत वाढत असेल तर कप्पे भरत चालले आहेत. काही तास हवा वाढवून जोराने फिरवल्यास जादा थर सुटतो.

निवळण, गाळ आणि सुरक्षितता

चकत्यांवरून सुटणारे कण बारीक असतात आणि सक्रिय गाळासारखे पटकन बसत नाहीत. निवळण टाकीवर तासाला ०.६ मीटरहून अधिक वेग ठेवू नये. आपल्या उदाहरणात तासाला सुमारे ४.२ घनमीटर पाणी असल्याने ७ चौरस मीटर क्षेत्र लागेल. बरणी चाचणी करून (बरण्यांत वेगवेगळी मात्रा टाकून पाहून) तुरटी किंवा पीएसीची (पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइडची) मात्रा ठरवावी. दिवसाला साधारण ६० किलो कोरडा गाळ निघतो, जो एक टक्का घट्टपणाला ६ घनमीटर भरतो. खानापूर तालुक्यातील पावसात उघड्या वाळवण वाफ्यांचा उपयोग नसतो, तेथे फिल्टर प्रेस किंवा छपराखालचे वाफे घ्यावेत. दूध व अन्नउद्योगाचा गाळ साखर कारखान्याच्या प्रेसमडबरोबर (रस गाळून उरलेल्या चोथ्याबरोबर) आणि पाचटाबरोबर कुजवून खत होऊ शकतो. धातूचे पाणी कधी मिसळले असेल तर मात्र होऊ शकत नाही.

समतोल टाकीत किंवा गाळाच्या खड्ड्यात एकट्या माणसाने उतरू नये. हायड्रोजन सल्फाइडचा वास कमी प्रमाणात तीव्र येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायू गेला असे वाटते. वायुमापक, दोर आणि बाहेर उभा माणूस या तीन गोष्टींशिवाय झाकण काढण्याचीही परवानगी नसावी. एक जण पडला म्हणून दुसरा वाचवायला उतरतो आणि दोघेही जातात.

शेतात सोडण्यापूर्वी

अथणी, रायबाग आणि चिकोडीच्या काळ्या जमिनीत कृष्णाकाठी अतिसिंचनाने चोपण होण्याचा त्रास आधीच आहे. जैवपटल टाकी बीओडी काढते, पण पाण्यातील क्षारांना हातही लावत नाही. कॉस्टिकने धुतलेल्या पाण्यातील सोडियम शेवटपर्यंत तसेच राहते, आणि पाणी काचेसारखे स्वच्छ दिसले तरी तीन-चार वर्षांत मातीचा पोत घट्ट करून टाकते. म्हणून शेतकऱ्याला पाणी देण्याआधी विद्युतवाहकता आणि सोडियमचे शोषण गुणोत्तर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती) तपासावे, हे गुणोत्तर १० च्या खाली ठेवावे, शक्य तेथे कॉस्टिकचा वापर मोजून-मापून कमी करावा आणि माती दरवर्षी तपासावी. शेजारच्या शेतकऱ्याने विश्वासाने घेतलेले पाणी त्याची जमीन बिघडवता कामा नये, ही जबाबदारी संमतिपत्रात लिहिली असो वा नसो, कारखान्याचीच आहे.

साखर कारखान्याचा बिगरहंगाम

साखर कारखान्याचे गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चच्या आसपासपर्यंत चालते आणि उरलेले सहा-सात महिने थराला खायला काही नसते. उपाशी थर स्वतःलाच खाऊन पातळ होतो आणि सुटतो. कारखान्याची वसाहत असेल तर तिचे सांडपाणी या काळात टाकीत वळवावे. पूर्ण भाराच्या १०-१५ टक्के खाद्य आणि आलटून पालटून चालणारा एक ब्लोअर एवढ्यावर थर जिवंत राहतो. हे शक्य नसेल तर टाकी रिकामी करून चकत्या धुवाव्यात आणि सावलीत झाकून ठेवाव्यात, कारण उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते.

पुन्हा सुरुवात बॉयलर पेटवण्याच्या किमान तीन आठवडे आधी करावी. बियाणे टाकून, वसाहतीच्या पाण्यात थोडी मळी (मोलॅसिस), युरिया आणि डीएपी मिसळून भार हळूहळू वाढवावा आणि मोळी टाकण्याच्या दिवशी निम्मी क्षमता हाती असावी. त्या दिवशी चकत्या तपकिरी आणि बुळबुळीत लागल्या नाहीत, तर पहिल्या आठवड्यातील जादा पाणी साठवण तळ्यात वळवावे आणि सीओडीची घट सलग तीन दिवस स्थिर होईपर्यंत तेथून टाकीला क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पाणी देऊ नये.